जर्मनीचा लाँग स्टे व्हिसा: पुण्यातून अर्ज करताना फाइल कुठे अडकते आणि ती आधीच कशी सोडवायची

पुण्यात आता प्रत्येक सोसायटीत कोणीतरी जर्मनीला निघालेलं असतं. कोणी मास्टर्सला, कोणी हिंजवडीतली नोकरी सोडून म्युनिकला, कोणाचा नवरा पुढे गेलाय आणि बायको-मुलं इकडे वाट बघतायत. आणि सगळ्यांची तक्रार एकच, अपॉइंटमेंट मिळत नाही, मिळाली तर पुढे उत्तर येत नाही. घरातल्यांच्या, नात्यातल्यांच्या आणि शेजारपाजारच्या मुलांच्या बऱ्याच फायली मी बघितल्यात आणि माझं स्पष्ट मत आहे की फाइल अडकते ती बहुतेक वेळा इथेच, वॉर्ड ऑफिसात, शाळेच्या दाखल्यात, लग्नाच्या सर्टिफिकेटवर, फक्त आपल्याला ते कळतं तीन महिन्यांनी. म्हणून कागद आधी, अपॉइंटमेंट नंतर, आणि त्याच क्रमाने सांगते.

आधी कुठला व्हिसा ते पक्कं करा

शेंगेन व्हिसा म्हणजे १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, फिरायला किंवा भेटायला. त्यापेक्षा जास्त राहायचं असेल तर नॅशनल व्हिसा, ज्याला डी व्हिसा म्हणतात. त्याची फी मोठ्यांना ७५ युरो, १८ वर्षांखालच्या मुलांना त्याच्या निम्मी. हा व्हिसा काही महिन्यांचाच असतो, त्यावर तिकडे जायचं आणि मग तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेमधून, खरा राहण्याचा परवाना घ्यायचा.

"टुरिस्टवर जा, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ" असं सांगणारे पुण्यात भरपूर भेटतात. ऐकू नका. लांब राहायचं असेल तर योग्य व्हिसा घेऊनच आत यायचं हा तिथला नियम आहे, अपवाद अगदी थोडे आहेत आणि ते तुमच्यासाठी असतील असं धरून चालू नका. बायकोला टुरिस्टवर बोलवून घेतलं आणि मग ९० दिवस संपायच्या आत तिला परत पुण्याला पाठवावं लागलं, तिकिटाचे पैसे वाया आणि नव्याने पहिल्यापासून सगळं, असं होतं.

दुसरं म्हणजे ते ९०,००० चं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने जाहीर केलं की भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला २०,००० ऐवजी ९०,००० व्हिसा देऊ. बातमी खरी आहे. पण म्हणून तुमच्या फाइलची छाननी सैल झाली असं काही नाही, पात्रतेचे निकष तेच आहेत. कोणी एजंट हा आकडा दाखवून "गॅरंटीड" म्हणत असेल तर तिथून उठून या.

नाव, गाव, जन्मतारीख

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, अगदी दोन महिने गेले तरी चालतील.

आपली नावं लिहायची पद्धत त्यांच्या पचनी पडत नाही. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. विद्यापीठाच्या मार्कशीटवरही आडनाव आधी. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि आपलं व वडिलांचं नाव एकत्र गिव्हन नेममध्ये. कंपनीच्या ऑफर लेटरवर वडिलांचं नाव गायब. आपल्याला हे सगळं एकच माणूस आहे हे बघताक्षणी कळतं, पण फाइल बघणाऱ्याला तीन वेगळी माणसं दिसतात. तेव्हा पासपोर्टवर जसं नाव आहे, अगदी स्पेलिंगसकट आणि क्रमासकट, तसंच फॉर्मवर, काँट्रॅक्टवर, इन्शुरन्सवर, बँकेच्या पत्रावर आलं पाहिजे. कंपनीच्या एचआरला लाज न बाळगता सांगा की काँट्रॅक्टवर पूर्ण नाव टाका, ते लगेच बदलून देतात. काही जणांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो, सगळं नाव गिव्हन नेममध्येच घुसलेलं असतं, त्यांनी अर्जाच्या आधीच पासपोर्ट रीइश्यू करून घ्यावा.

लग्न झालेल्या बायकांचं तर विचारूच नका. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत मूळ नावही बदलतात. मग आधार नव्या नावाने, पॅन जुन्या, डिग्री जुन्या, पासपोर्ट कधी इकडचा कधी तिकडचा. यावर माझा सल्ला थोडा वेगळा वाटेल. तुमचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर तो तसाच राहू द्या. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे अशी कायद्याने काही सक्ती नाही, पासपोर्टलाही नाही आणि व्हिसालाही नाही. नवरा-बायको आहात हे सिद्ध करायला लग्नाचं सर्टिफिकेट आहे. सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून अर्जाच्या तोंडावर नाव बदलायला घेतलंत तर पासपोर्ट, डिग्री आणि बँक यांच्यात नवीन दरी तयार होते. आधीच बदललं असेल तर मात्र राजपत्राची प्रत, लग्नाचं सर्टिफिकेट आणि "दोन्ही नावांची व्यक्ती मीच" असं प्रतिज्ञापत्र, तिन्ही एकत्र लावा. नुसतं प्रतिज्ञापत्र फार कमकुवत पडतं.

लग्नाचं सर्टिफिकेट म्हणजे सरकारी नोंदणी, हेही नीट समजून घ्या. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नोंद होते आणि नमुना इ मधलं प्रमाणपत्र मिळतं, ते हवं. मंगल कार्यालयाची पावती, गुरुजींचं पत्र, आळंदीला लग्न लावलं तेव्हा तिथल्या कार्यालयाने दिलेला कागद, यातलं काहीही नोंदणी नव्हे. लग्नाला आठ वर्षं झाली तरी नोंदणी केलेली नाही अशी जोडपी अजूनही भेटतात, त्यांनी आजच कामाला लागा, उशिराने नोंदणी होते, थोडा दंड भरावा लागतो एवढंच.

आता जन्माचा दाखला. माझ्या मावसबहिणीचा दाखला आम्ही टेबलावर पसरून बघत होतो, सगळं व्यवस्थित, शिक्का आहे, नोंदणी क्रमांक आहे, आईचं नाव, वडिलांचं नाव, लिंगाच्या पुढे "स्त्री", आणि तिच्या नावापुढे नुसती आडवी रेघ. बत्तीस वर्षांची बाई आणि दाखल्यावर नावच नाही. कारण साधं आहे, हॉस्पिटल जन्म झाल्यावर लगेच कळवतं, तेव्हा बारसं झालेलं नसतं, आणि नंतर जाऊन नाव टाकायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. नाव नंतर टाकता येतं, जन्म-मृत्यू नोंदणीच्या नियमांत १५ वर्षांची मर्यादा आहे पण शासनाने ती मुदत वेळोवेळी वाढवलेली आहे, त्यामुळे आत्ता खिडकी उघडी आहे का ते त्या कार्यालयात विचारून घ्या आणि उघडी असेल तर त्याच दिवशी अर्ज करा. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आई-वडिलांची ओळखपत्रं बरोबर न्या.

दाखला कुठे मिळेल हा पण घोळ असतो. नोंद होते ती जिथे जन्म झाला तिथे, आई-बाबा राहत होते तिथे नव्हे. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे आयुष्यभर कोथरूडला राहिलेल्या माणसाची नोंद असते साताऱ्याला किंवा बार्शीला आणि तो बिचारा पुणे महापालिकेत रजिस्टर शोधायला लावतो. पुण्यातसुद्धा महापालिका वेगळी, पिंपरी-चिंचवड वेगळी, आणि कॅम्पात किंवा खडकीत जन्म असेल तर कँटोन्मेंट बोर्डाकडे जायचं. आधी आईला विचारा, कुठल्या हॉस्पिटलात, ते नक्की करून मगच खेटे घाला. नोंदच सापडत नसेल तर अनुपलब्धता दाखला घ्या. एक वर्ष उलटून गेल्यावर उशिराची नोंद करायला जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्याला वेळ जातो, तो वेळ आधीच धरा.

दाखला जुना, हाताने लिहिलेला, फक्त मराठीत असेल तर त्याच नोंदीवरून नवीन, मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांतला संगणकीय दाखला मागा. भाषांतराचा खर्च वाचतो आणि भाषांतर करणाऱ्याने स्पेलिंग वेगळं केलं ही डोकेदुखीही वाचते.

आणि गावाचं नाव. पासपोर्टवर जन्मस्थान औरंगाबाद, नवीन काढलेल्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर. उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. आई-बाबांच्या कागदांवर तर पूना असं जुनं स्पेलिंग सापडतं, ते १९७८ मध्ये बदललं. हे काही चूक नाही, पण समोरच्याला कळलं पाहिजे, तेव्हा कव्हर लेटरमध्ये एक ओळ टाका की हे एकच शहर, नाव शासनाने अमुक साली बदललं, आणि शक्य असेल तर अधिसूचनेची प्रत जोडा. विद्यापीठाचंही तसंच. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, म्हणजे ज्यांनी २०११ ला इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन घेतली आणि २०१५ ला डिग्री मिळाली त्यांच्या एकाच डिग्रीच्या कागदांवर विद्यापीठाची दोन नावं असू शकतात. एक ओळ लिहा, विषय संपतो.

अपोस्टिलच्या मागे डोळे मिटून धावू नका

अपोस्टिल म्हणजे आपला कागद खरा आहे असं दुसऱ्या देशाला सांगणारा सरकारी शिक्का. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे, म्हणून प्रत्येक एजंट पहिल्याच भेटीत सांगतो की सगळे कागद अपोस्टिल करून घ्या, पॅकेज आहे. पण जर्मनीने भारताच्या या करारातल्या प्रवेशावर हरकत घेतलेली आहे, त्यामुळे दोन देशांमध्ये अपोस्टिलचं काम इतर देशांसारखं चालत नाही. आधी जर्मन कॉन्सुलेटची तुमच्या कॅटेगरीची सध्याची चेकलिस्ट उघडा, त्यात ज्या कागदाला मागितलंय तेवढंच करा. जर्मनीतल्या ऑफिसला जन्म किंवा लग्नाच्या कागदाबद्दल शंका आली तर ते वेगळी पडताळणी मागवतात, त्यात इथला वकील प्रत्यक्ष नोंदणी कार्यालयात जाऊन रजिस्टर बघतो, त्याला वेळही लागतो आणि खर्चही आपल्यालाच. म्हणून वर म्हटलं तसं नोंदी आधी दुरुस्त करा, कारण अशी पडताळणी झाली तर तो वकील मूळ रजिस्टर बघणार, तुमच्या हातातली प्रत नाही.

दुसऱ्या देशासाठी खरंच अपोस्टिल लागत असेल तर परराष्ट्र मंत्रालयाची फी एका कागदाला ५० रुपये आहे, बाकी जे काही हजारांत सांगतात ती त्यांची सर्व्हिस, तेवढं माहीत असू द्या.

नोकरीवर जाणाऱ्यांसाठी

ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षितांना ठरावीक पगाराच्या नोकरीवर मिळणारा राहण्याचा परवाना. त्याची किमान पगाराची मर्यादा दरवर्षी जानेवारीत बदलते. २०२४ मध्ये ४५,३०० युरो होती, २०२५ मध्ये ४८,३००. ज्या कामांना माणसं कमी आहेत, म्हणजे आयटी, इंजिनिअरिंग, डॉक्टर वगैरे, त्यांना आणि नुकतंच शिक्षण संपलेल्यांना मर्यादा कमी असते. डिसेंबरात काँट्रॅक्ट सही केलं आणि पगार जेमतेम मर्यादेवर असेल तर पुढच्या वर्षीचा आकडा बघून घ्या, नाहीतर फाइल हातात येईपर्यंत तुम्ही मर्यादेखाली गेलेले असता. कंपनीशी बोलताना थोडी वरची रक्कम मागा, एवढंच.

मग डिग्री. अनाबिन नावाचा जर्मन डेटाबेस आहे, तिथे तुमचं विद्यापीठ एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का आणि तुमची डिग्री बसते का हे दोन्ही बघायचं आणि दोन्ही पानांची प्रिंट लावायची. इथे पुण्यातली मुलं एक गोष्ट हमखास चुकीची करतात, कॉलेजचं नाव शोधतात. कॉलेज सापडत नाही आणि मग घाबरतात. डिग्री विद्यापीठ देतं, कॉलेज नाही, तेव्हा डिग्री सर्टिफिकेटवर वर जे नाव छापलंय ते शोधा. सीओईपी, म्हणजे पुण्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ झालं, पण त्याआधी पास झालेल्यांच्या डिग्रीवर पुणे विद्यापीठच आहे. खरंच कुठेच सापडत नसेल तर झेडएबीकडून, म्हणजे परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाकडून, तुलनेचं प्रमाणपत्र काढावं लागतं, फी २०८ युरो, आणि ते अपॉइंटमेंटच्या बरंच आधी सुरू करा.

कंपनीने भरून द्यायचा एक फॉर्म असतो, नोकरीच्या तपशिलाचं डिक्लरेशन. त्यात पगार, तास, कामाचं स्वरूप असतं. काँट्रॅक्टमध्ये वर्षाचा पगार आणि या फॉर्ममध्ये महिन्याचा लिहिताना कोणीतरी बोनस धरतं कोणीतरी धरत नाही, आणि दोन आकडे जुळेनासे होतात. सबमिट करायच्या आधी कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः बसा.

जॉइनिंगची तारीख ही आपल्याकडची मोठी अडचण. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत ९० दिवसांची नोटीस, तिकडची कंपनी म्हणते १ तारखेला या, व्हिसा अजून आलेला नाही. व्हिसा पासपोर्टवर चिकटल्याशिवाय राजीनामा देऊ नका, फ्लॅट सोडू नका, मुलांच्या शाळेचा दाखला काढू नका. तारीख उलटून गेली तर कंपनीकडून नवी तारीख असलेलं पत्र घेऊन लगेच कळवा, जुनी तारीख असलेलं काँट्रॅक्ट फाइलमध्ये पडून राहिलं की प्रश्न येणारच. तिकडची कंपनी तयार असेल तर फास्ट ट्रॅक प्रक्रिया आहे, अर्ज कंपनीने जर्मनीत करायचा, फी ४११ युरो, त्याने अपॉइंटमेंट आणि निर्णय दोन्हीला मुदत लागू होते, आणि बायको-मुलं बरोबरच अर्ज करणार असतील तर त्यांनाही त्यात घेता येतं. हे कंपनीला स्वतःहून सुचवा, छोट्या कंपन्यांना माहीतच नसतं.

विद्यार्थी

एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमचे इथले शिक्षणाचे कागद तपासून जर्मन दूतावासाच्या कक्षाने दिलेलं प्रमाणपत्र, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं आहे, फी १८,००० रुपये. अ‍ॅडमिशन लेटर येईपर्यंत थांबू नका, त्याच्या कितीतरी आधी अर्ज करून ठेवा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा. पैसे भारतातून पाठवताना १० लाखांपुढच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे बँक पाठवतानाच घेते तो कर, कापला जाऊ शकतो, तो रिटर्न भरताना जुळवून घेता येतो, पण पाठवायच्या दिवशी तेवढे जास्तीचे खात्यात लागतात हे बाबांना आधी सांगून ठेवा. शैक्षणिक कर्जातून पाठवत असाल तर बँकेला तसं स्पष्ट नमूद करायला लावा.

मोटिव्हेशन लेटर स्वतः लिहा. पुण्यात क्लासवाले तयार देतात आणि मग दहा मुलांची पत्रं सारखीच जातात. तुम्ही इथे काय शिकलात, तिथल्या कोर्समधले कुठले विषय तुम्हाला हवेत, ते साध्या भाषेत लिहा, ते जास्त पटतं.

नवरा-बायको, आणि जर्मन भाषेचा प्रश्न

नवऱ्याकडे किंवा बायकोकडे ब्लू कार्ड असेल तर जोडीदाराला भाषेचं प्रमाणपत्र लागत नाही. पण जोडीदार जर्मन नागरिक झालेला असेल तर साधारणपणे जर्मनची ए वन लेव्हल, म्हणजे अगदी पहिली पायरी, लागते. लोकांना हे उलटं वाटतं, त्यामुळे शेवटच्या क्षणी धावपळ होते. लागत असेल तर प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेचंच पाहिजे, गोएथे, टेल्क, ओएसडी अशा. पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन, म्हणजे गोएथेचंच केंद्र, आहे, परीक्षा तिथे देता येते, जागा पटकन भरतात म्हणून तारीख आधी बुक करा आणि मग त्या तारखेला धरून अभ्यास करा. रानडे इन्स्टिट्यूटचं शिकवणं फार चांगलं आहे, भाषा शिकायला जरूर जा, पण जिथे व्हिसासाठी ए वन मागितलंय तिथे तिथलं सर्टिफिकेट चालत नाही, परीक्षा वेगळी द्यावी लागेल. पास व्हायला १०० पैकी ६० लागतात. सूट असेल तरी शिकाच असं मी म्हणेन, मुलाच्या शाळेतून येणारी चिठ्ठी जर्मनमध्ये असते.

फॅमिली व्हिसाला वेळ का लागतो, तर ती फाइल जर्मनीत जोडीदार ज्या शहरात राहतो तिथल्या आउसलेंडरबेहोर्डेकडे संमतीसाठी जाते. म्हणजे तुमची वाट बघायची मुदत त्या शहरावर अवलंबून असते. शेजारणीचा व्हिसा पाच आठवड्यांत आला आणि तुमचा चार महिने झाले तरी नाही, तर कदाचित तिचा नवरा लहान गावात आहे आणि तुमचा बर्लिनला. अशा वेळी मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटला मेल करत बसण्यापेक्षा तिकडच्या जोडीदाराने स्थानिक ऑफिसला विचारावं, फाइल तुमच्या टेबलावर पोचली का, आणखी काही हवंय का. घराचं भाडेकरार, पगाराच्या स्लिपा, इन्शुरन्सचं पत्र तयार ठेवून स्वतःहून द्यावं.

मुलांच्या बाबतीत एकच सांगते, एक पालक बरोबर येणार नसेल तर त्याची लेखी संमती, आणि घटस्फोट झालेला असेल तर ताबा कोणाकडे आहे ते सांगणारा कोर्टाचा आदेश, संपूर्ण, सगळ्या पानांसकट.

आई-बाबांना न्यायचंय

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण एकुलतं एक मूल तिकडे आणि सत्तरीतले आई-बाबा इकडे चौथ्या मजल्यावर, अशी घरं माझ्या ओळखीत खूप आहेत. १ मार्च २०२४ पासून कायदा बदललाय, ज्यांना कुशल कामगार म्हणून राहण्याचा परवाना पहिल्यांदा त्या तारखेला किंवा नंतर मिळाला ते आई-वडिलांना नेऊ शकतात, आणि जोडीदारही तिथे राहत असेल तर सासू-सासऱ्यांनाही. त्याआधी परवाना मिळालेल्यांना ही वाट नाही.

कागदावर सोपं दिसतं, अडतं ते हेल्थ इन्शुरन्सवर. तिथल्या सरकारी विम्यात बायको-मुलं फॅमिली म्हणून येतात, आई-वडील येत नाहीत. प्रायव्हेट कंपन्या उतारवयातल्या, बीपी-शुगर असलेल्या माणसाला घ्यायला तयार नसतात किंवा हप्ता एवढा सांगतात की पगार पुरत नाही. आणि प्रवासी विमा इथे चालत नाही, कायमचा, तिथल्या विम्यासारखं संरक्षण देणारा लागतो. म्हणून या व्हिसाची सुरुवात इन्शुरन्सपासून करा. आधी जर्मनीतून दोन-तीन कंपन्यांचं लेखी कोटेशन घ्या, वय आणि आजार लपवू नका, ते मिळालं तरच बाकीच्या कागदांना हात लावा. नाही मिळालं तर ९० दिवसांच्या भेटीचा व्हिसा हाच मार्ग उरतो, आणि त्यातही मुलगा किंवा मुलगी खर्चाची हमी देऊ शकते.

आई-बाबांच्या कागदांत आणखी एक गोष्ट येते, जन्मतारीख १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली. गावच्या रजिस्टरात वेगळी तारीख निघाली तर घाबरून जुनी नोंद शोधत बसू नका, पासपोर्ट, पॅन, पेन्शन सगळीकडे जी एकच तारीख आहे ती धरा. दोन तारखांचे कागद मात्र एकाच फाइलमध्ये जाऊ देऊ नका.

अर्ज आणि नंतरची वाट

महाराष्ट्र मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटखाली येतो, नरिमन पॉइंटला. २०२५ च्या सुरुवातीपासून नॅशनल व्हिसाचे अर्ज कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन भरता येतात, कागद अपलोड करायचे, ते बघून मग बोटांचे ठसे आणि मूळ कागद द्यायला बोलावतात. याचा फायदा असा की काही कमी असेल तर आधीच कळतं. तोटा असा की मोबाइलवर वाकडातिकडा फोटो काढून टाकला की परत मागतात. स्कॅनरवर करा, प्रत्येक कागदाची मागची बाजूही, कारण आपल्याकडे शिक्के मागेच मारतात. फाइलचं नाव साधं ठेवा, काय आहे ते कळेल असं. आणि ज्या ईमेलने अकाउंट उघडलं तो ईमेल तुमचा स्वतःचा पाहिजे, एजंटचा नको, कित्येकांना आलेला प्रश्न एजंटच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो.

अपॉइंटमेंटच्या स्लॉटसाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. आणि इंटरव्ह्यूला किंवा काउंटरवर जे विचारतील त्याला थोडक्यात, खरं उत्तर. लग्न कसं ठरलं विचारलं तर कांदेपोहे झाले, घरच्यांनी ठरवलं असंच सांगा, अरेंज मॅरेज हा काही गुन्हा नाही, फक्त नवरा कुठल्या शहरात, काय काम करतो, किती खोल्यांचं घर, हे दोघांचं सारखं आलं पाहिजे.

नकार आला तर

आधी पत्र नीट वाचा, कारण त्यात लिहिलेलं असतं. पूर्वी रिमॉन्स्ट्रेशन म्हणून फुकटचा फेरविचार मागता यायचा, १ जुलै २०२५ पासून तो जगभरात बंद झालाय, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून पत्र लिहीत बसू नका. आता दोनच मार्ग, कारण दूर करून नवा अर्ज, किंवा एका महिन्याच्या आत बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. कागद कमी होता, आकडे जुळत नव्हते, अशा कारणांना नवा अर्जच बरा, लवकर होतो. नव्या अर्जात आधीचा नकार लपवू नका, त्यांच्याकडे नोंद असते. लग्नाच्या खरेपणावर किंवा कागद बनावट असल्याचा संशय घेतला असेल तर मात्र जर्मनीतल्या वकिलाशी त्याच आठवड्यात बोला, महिना फार पटकन जातो.

पोचल्यावर

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, घर घेतानाच विचारा की ते देणार का, न देणारं घर स्वस्त असलं तरी घेऊ नका. नोंदणी झाली की त्याच आठवड्यात आउसलेंडरबेहोर्डेची अपॉइंटमेंट मागा. मोठ्या शहरांत ती काही महिन्यांनंतरची मिळते आणि तोपर्यंत डी व्हिसा संपत आलेला असतो, तेव्हा परवान्याचा अर्ज व्हिसाची तारीख संपायच्या आत त्यांच्याकडे पोचला पाहिजे, ऑनलाइन असेल तर ऑनलाइन, नाहीतर ईमेल आणि पोस्ट दोन्हीने, आणि पोच जपून ठेवा. वेळेत अर्ज केला असेल तर मधल्या काळासाठी ते फिक्शन सर्टिफिकेट देतात, त्यावर राहता येतं. दिवाळीला पुण्याला यायचं तिकीट काढण्याआधी मात्र त्या सर्टिफिकेटवर कुठल्या रकान्यात खूण केलीय ते बघा आणि ऑफिसला लेखी विचारा की यावर बाहेर जाऊन परत येता येईल का, कारण सगळ्याच प्रकारांवर येता येत नाही.